चिलखतावरची नक्षी आणि तोफेचे चित्र

पोलादी चिलखतावर नक्षी काढायची तर छिन्नीला ते फार कठीण पडते. म्हणून पंधराव्या शतकातील युरोपीय कारागीर चिलखतावर मेणाचा किंवा रोगणाचा थर देत, सुईने रेघ ओढून तेवढाच धातू उघडा करत आणि व्हिनेगर व क्षारांच्या मिश्रणाने तो खाऊ देत. जर्मनीतील ऑग्सबर्गच्या डॅनियल हॉप्फर या नक्षीकाराने इ. स. १५००च्या सुमारास लोखंडी पत्र्यावर अशाच खाचा पाडून त्यांत शाई भरली आणि वर कागद दाबून चित्रे छापली. एचिंग हा छपाईचा प्रकार असा शस्त्रकारांच्या हत्यारांतूनच आला.

जर्मन चित्रकार आल्ब्रेख्त ड्यूररने १५१८ मध्ये याच पद्धतीने तोफेचे चित्र लोखंडी पत्र्यावर केले. लोखंड अम्लाने असमान झिजत असल्यामुळे त्यातील रेघ जाड आणि काहीशी खडबडीत आहे, आणि पुढे पत्रा गंजल्याने नंतरच्या प्रतींत गंजाचे डागही छापले गेले. पुढे या कामासाठी तांबे रुळले, ते उगीच नव्हे.

प्रत्यक्ष कारखाना मात्र लाकडी ठशांवरील चित्रांत अधिक दिसतो. जर्मन चित्रकार हान्स बुर्गकमायरने पवित्र रोमन सम्राट मॅक्सिमिलियनची चिलखतकाराच्या कार्यशाळेला दिलेली भेट रेखाटली. ऐरण, हातोडे, कारागीर सारे तेथे आहे, पण चित्र शेवटी दरबारीच. त्यापेक्षा सिएनाच्या व्हानोच्चो बिरिंगुच्चो याच्या १५४० साली व्हेनिसमध्ये छापलेल्या धातुविद्येच्या ग्रंथातील साधी, ओबडधोबड चित्रे मला मोलाची वाटतात. त्या काळी तोफ ओतताना मातीच्या साच्याच्या मध्यभागी गाभा उभा करून भोवती तांबे आणि कथील यांचा रस ओतत, म्हणजे नळी पोकळ निघे. परंतु ही पोकळी आतून खरबरीत राही आणि गोळा व नळी यांच्यामधल्या फटीतून स्फोटाचा वायू निसटला की माऱ्याचा जोर घटे. म्हणूनच ग्रंथात नळी आतून कोरून सारखी करणारे यंत्रही काढून दाखवले आहे.

आपली मुलूखमैदान तोफ अहमदनगरात ओतली गेली ती १५४९ मध्ये, म्हणजे या ग्रंथानंतर अवघ्या नऊ वर्षांनी. भारतातला पहिला छापखाना गोव्यात आला तो १५५६ मध्ये.