कवचबीज चूर्ण आणि पार्किन्सन : घ्यायच्या आधी हे वाचा

हल्ली बरेच जण काउंटरवर येऊन कवचबीज पार्किन्सनवर चालतं असं सांगणारा मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवतात, बाबांचा हात थरथरतो, कवचबीज द्या, गोळ्या बंद करायच्यात म्हणतात. म्हणून हा कागद छापलाय.

कवचबीज म्हणजे आपली खाजकुयलीच हो, शाळेत कोणाच्या तरी शर्टात टाकली असेल तुम्ही. खाज शेंगेवरच्या कुसाने येते, चूर्ण आतल्या बियांचं असतं, आणि त्या आम्ही दुधात उकळून साल काढून वाळवून मगच दळतो.

आता या बियांमध्ये साधारण ४ ते ६ टक्के लेव्होडोपा असतो, डॉक्टरांच्या गोळीत असतो तोच. १९३७ साली मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामींनी तो या बियांतून वेगळा काढला, पार्किन्सनची गोळी यायच्या कितीतरी आधी. या आजारात मेंदूतल्या डोपामिन (हालचाली नीट ठेवणारं रसायन) बनवणाऱ्या पेशी मरत जातात, बरं बाहेरून डोपामिन द्यावं तर ते मेंदूत शिरतच नाही, लेव्होडोपा मात्र शिरतो आणि आत गेल्यावर त्याचं डोपामिन होतं. म्हणजे व्हिडिओवाला अगदीच थापा मारत नाहीये. २००४ मध्ये लंडनच्या अभ्यासात ३० ग्रॅम चूर्णाचा परिणाम गोळीपेक्षा लवकर सुरू झाला, जास्त वेळ टिकला. पण पेशंट किती, तर ८, वडापच्या एका जीपमध्ये मावतील एवढे, आणि तेही डॉक्टरांच्या नजरेखाली.

घोळ इथेच आहे, हे खरंच औषध आहे. ५ ग्रॅम चूर्णात २०० ते ३०० मिलिग्रॅम लेव्होडोपा जातो, आणि प्रत्येक लॉटमध्ये तो सारखा नसतो. गोळीत सोबत कार्बिडोपा असतो, तो लेव्होडोपा वाटेतच खर्च होऊ देत नाही. चूर्णात तो नाही, त्यामुळे नुसतं चूर्ण घेतलं की बराचसा मेंदूत पोचायच्या आधीच संपतो आणि वर मळमळ. पण गोळी चालू असताना चूर्ण घेतलं तर गोळीतला कार्बिडोपा चूर्णातला लेव्होडोपाही वाचवतो, मग डोस कुठच्या कुठे जातो, अंग आपोआप वाकडंतिकडं हलतं, उभं राहिल्यावर बीपी पडतं, भास होतात. आणि गोळ्या एकदम बंद करणं तर त्याहून वाईट, अंग ताठरून ताप चढून पेशंट आयसीयूत जाऊ शकतो.

आजार बरा होतो का? नाही. थरथर, ताठरपणा कमी होतो, तेवढंच.

अल्झायमरसाठी, म्हणजे विसरण्याच्या आजारासाठी, कवचबीज मागू नका, तो आजारच वेगळा. त्यावरची गॅलँटामाइनची गोळी स्नोड्रॉप नावाच्या फुलझाडातून सापडली, पण म्हणून कोणी कंद कुटून खात नाही, विषारी असतो. हळदीचं विचाराल तर कर्क्युमिन पोटातून रक्तात फारच कमी जातं, आमटीत घाला, उत्तम.

पार्किन्सनच्या पेशंटसाठी चूर्ण हवं असेल तर न्यूरॉलॉजिस्टची चिठ्ठी आणा, आणि चिठ्ठी घेताना चालू असलेल्या सगळ्या गोळ्या त्यांना दाखवा. चिठ्ठीशिवाय आम्ही देत नाही, ओळखीच्यांनाही नाही, राग मानू नका. आधीच नेलं असेल आणि डबा सीलबंद असेल तर परत आणा, पैसे देऊ.