किण्वन अडणे (बिअर)

बिअरचे किण्वन अर्ध्यात थांबून वोर्टमधली आंबण्याजोगी साखर तशीच शिल्लक राहण्याची अवस्था. वोर्ट म्हणजे माल्टचा गोड काढा. यीस्ट त्यातल्या साखरेपासून मद्यार्क आणि कार्बन डाय-ऑक्साइड तयार करते. सुरुवातीला 1.050 विशिष्ट गुरुत्व (पाण्याच्या तुलनेतली घनता, जी साखर आंबत जाते तशी घटते) असलेली साधी एल, म्हणजे उबेत आंबवलेली बिअर, साधारण 1.010 ते 1.014 वर येऊन थांबते. तीच 1.025 च्या आसपास दोन-तीन दिवस हलेनाशी झाली की किण्वन अडले असे धरतात. महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे 1949 च्या दारूबंदी अधिनियमानुसार गुन्हा आहे, घरापुरते असले तरी.

एअरलॉकमधले (आतला वायू बाहेर सोडून हवा आत न येऊ देणाऱ्या झडपेतले) बुडबुडे थांबले म्हणजे किण्वन अडले, हा नेहमीचा गैरसमज. झाकणाची रबरी कडी नीट बसली नसेल तर वायू तिथूनच निसटतो आणि आत सगळे सुरळीत चालू असते. भरवसा ठेवायचा तो हायड्रोमीटरवर, म्हणजे द्रवात तरंगून गुरुत्व दाखवणाऱ्या नळीवर, आणि तोही लागोपाठच्या दिवसांच्या नोंदींवर. इथे मराठवाड्याचा उन्हाळा आडवा येतो. बहुतेक हायड्रोमीटर 20 अंश सेल्सिअसला प्रमाणित केलेले असतात. नमुना 35 अंशांचा असेल तर आकडा सुमारे 0.004 ने कमी दिसतो. म्हणजे 1.016 दिसले तरी खरे गुरुत्व 1.020 असते. नमुना हलवून त्यातला वायू काढला नाही तर उलटे होते: बुडबुडे हायड्रोमीटरला उचलून धरतात. प्रकाशाच्या वक्रीभवनावरून साखर मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर तर मद्यार्क तयार झाल्यावर दुरुस्तीचे सूत्र लावल्याशिवाय निरुपयोगीच.

कारणांपैकी या भागात पहिला संशय तापमानावर घ्यावा. एलचे यीस्ट 18 ते 22 अंशांत रमते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तर हिवाळ्यात परभणीकडे रात्री तो दहाच्या खाली उतरतो. अति उष्णतेत किण्वन धडाक्याने सुरू होते, पण मद्यार्क वाढत जाईल तसे यीस्ट लवकर थकते आणि बिअरला थिनरसारखा उग्र वास येतो. हिवाळ्यात पत्र्याच्या खोलीत दुपारी ऊब आणि पहाटे गारठा असा खेळ चालतो. गारठ्यात यीस्ट गोळा होऊन तळाशी बसते. जाड भिंतींच्या माळवदाच्या घरातली आतली खोली या कामाला कितीतरी बरी. कोरड्या यीस्टचे पाकीट उन्हाळ्यात कुरिअरच्या गाडीत तापले असेल, तर आतल्या बऱ्याच पेशी आधीच मेलेल्या असतात.

दुसरे कारण मॅशमध्ये, म्हणजे माल्ट गरम पाण्यात भिजवून स्टार्चची साखर करण्याच्या टप्प्यात, दडलेले असते. 62 ते 65 अंशांना बीटा-अमायलेज हे माल्टमधले विकर (एन्झाइम) भरपूर माल्टोज ही आंबणारी साखर देते. तापमान 70 च्या वर गेले की ते विकर झपाट्याने निकामी होते आणि यीस्टला न पचणाऱ्या डेक्स्ट्रिनांचा भाग वाढतो. बोअरचे अल्कधर्मी पाणी मॅशचा सामू वाढवून यात भर घालते. ज्वारीचा माल्ट वापरणाऱ्यांना हा त्रास जास्त होतो. ज्वारीच्या माल्टमध्ये बीटा-अमायलेज कमी असते, शिवाय तिचा स्टार्च फुलायला बार्लीपेक्षा जास्त उष्णता लागते. गूळ घालून गुरुत्व वाढवले तर साखर मिळते, पण यीस्टला लागणारे नायट्रोजनयुक्त पोषण त्या प्रमाणात वाढत नाही.

उपाय सौम्य बाजूने सुरू करावेत. पात्र थंड असेल तर हळूहळू 20–22 अंशांवर आणावे आणि झाकण न उघडता अलगद गोल फिरवून तळचे यीस्ट उठवावे. हवा मिसळू देऊ नये. ऑक्सिजन यीस्ट टाकण्यापूर्वी द्यायचा असतो, नंतर दिल्यास बिअर शिळी लागते. उन्हाळ्यात पात्र पाण्याच्या टपात ठेवून त्याला गोणपाट गुंडाळावे. गोणपाटाचे टोक पाण्यात बुडालेले असले की ते आपोआप ओले राहते, आणि कोरड्या हवेत पात्र काही अंशांनी निवते. पावसाळी दमट हवेत ही युक्ती फारशी चालत नाही.

दोन-तीन दिवसांत फरक पडला नाही, तर नुसते कोरडे यीस्ट वर भुरभुरून सहसा काही साधत नाही, कारण तयार मद्यार्कात ते जोर धरत नाही. वेगळ्या वोर्टमध्ये फेसाळून आलेले यीस्टचे ताजे विरजण घालावे. त्याआधी एक चाचणी केलेली बरी: थोडा नमुना वेगळा काढून त्यात भरपूर बेकरीचे यीस्ट टाकून उबेत ठेवायचा. तोही त्याच आकड्यावर थांबला, तर यीस्ट निर्दोष आहे आणि वोर्टच तेवढे आंबणारे होते. अशा वेळी अमायलेज विकर घालता येते, पण बिअर पार पातळ होण्याचा धोका असतो. गोडसर राहू दिलेली परवडते.

कारण कळेपर्यंत बाटल्या भरू नयेत. उरलेली साखर बाटलीत पुन्हा आंबू लागली की दाब वाढून काच फुटते, आणि मे महिन्यात ती वेळ फार लवकर येते.