सावळज गटातला सदस्य: आर. आर. आबांच्या राजकारणाची पार्श्वभूमी

१९७९ साली जिल्हा परिषदेच्या निवडणुका झाल्या आणि सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, सावळज गटातून अंजनी गावचा एक तरुण निवडून आला. वय बाविशीच्या आसपास. घरची परिस्थिती बेताची, पाठीशी ना साखर कारखाना ना शिक्षणसंस्था. कमवा आणि शिका करत शिकलेल्या या पोराचं नाव रावसाहेब रामराव पाटील. पुढे उभ्या महाराष्ट्रानं त्यांना आर. आर. आबा म्हणून ओळखलं. सहा वेळा आमदार, ग्रामविकासमंत्री, गृहमंत्री, उपमुख्यमंत्री. आबांवर लिहिणारे बहुतेकजण सुरुवात करतात ती १९९० च्या आमदारकीपासून, नाहीतर थेट गृहखात्यापासून. मला मात्र त्याआधीची अकरा वर्षं जास्त मोलाची वाटतात. पुढचा माणूस तिथं घडला.

ही अकरा वर्षं समजून घ्यायची तर जिल्हा परिषद कशी जन्माला आली, ते पाहायला हवं. महाराष्ट्र राज्य स्थापन झाल्यावर दोनच महिन्यांत, जून १९६० मध्ये, तेव्हाचे महसूलमंत्री वसंतराव नाईक यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरण समिती नेमली गेली. मार्च १९६१ मध्ये तिनं अहवाल दिला, त्याच वर्षी कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. नाईक स्वतः पुसदचे नगराध्यक्ष राहिलेले, म्हणजे गावपातळीवरचा कारभार त्यांनी जवळून पाहिला होता. त्या समितीच्या दोन शिफारशींनी महाराष्ट्राचं राजकारण बदललं. एक म्हणजे खरं बळ जिल्ह्याच्या पातळीवर द्यायचं: शाळा, दवाखाने, रस्ते, पाणी, शेती यांचा पैसा आणि नोकरवर्ग जिल्हा परिषदेकडे. दुसरी म्हणजे आमदार-खासदारांना तिथं बसवायचं नाही. इतर अनेक राज्यांत ते पंचायत संस्थांवर आपोआप सदस्य होत. इथं दार बंद ठेवलं, म्हणून आत नव्या माणसांना जागा झाली. ज्याला आमदारकीचं तिकीट मिळायची शक्यता नव्हती, तोही गटातून निवडून येऊन बांधकाम समितीत किंवा शिक्षण समितीत जाऊन बसू शकत होता. लोक झेडपीला 'मिनी मंत्रालय' म्हणतात ते उगाच नाही.

झेडपी सदस्याचं काम लांबून किरकोळ वाटतं. शाळेची खोली गळते. आरोग्य केंद्रात डॉक्टर नाही. शिक्षकाची बदली झाली आणि जागा रिकामी राहिली. वस्तीवर जायच्या रस्त्यावर दोन ब्रास मुरूम पडला पाहिजे. कोणी एसटी पकडून जिल्ह्याच्या गावी येतो आणि सदस्याला शोधत फिरतो. सदस्यानं मग गटविकास अधिकाऱ्याला गाठायचं, तिथं अडलं तर मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे जायचं, तिथंही नाही झालं तर सर्वसाधारण सभेत उभं राहून विचारायचं. कागद कुठल्या टेबलावर अडतो, हे माणूस तिथं शिकतो. तसंच सरकारची योजना आणि गावातली चावडी यांत किती अंतर असतं, तेही. आबांच्या पुढच्या प्रत्येक चांगल्या कामात हे शिक्षण दिसतं.

त्या मातीचाही वाटा आहे. तासगावच्या शेजारचं कुंडल एकेकाळी औंध संस्थानात होतं. औंधच्या राजांनी १९३९ साली गांधीजींच्या सल्ल्यानं राज्यघटना करून गावपंचायतींच्या हाती कारभार दिला. पुढच्याच दशकात याच भागात क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारनं गावोगाव न्यायनिवाडे केले. गावानं आपलं आपण चालवायचं, ही कल्पना इथं पुस्तकातून आलेली नव्हती. त्या दिवसांच्या आठवणी सांगणारी माणसं आबांच्या तरुणपणी गावागावांत होती.

आबा सांगलीच्या शांतिनिकेतनमध्ये शिकले, नंतर वकिलीची पदवी घेतली. शांतिनिकेतन उभं केलं प्राचार्य पी. बी. पाटील यांनी. पंचायत राज्याचा फेरविचार करण्यासाठी १९८४ साली राज्य सरकारनं जी समिती नेमली, तिचे अध्यक्ष हेच पी. बी. पाटील. म्हणजे सावळजचा तरुण सदस्य झेडपीत बसत होता, तेव्हा त्याच्याच कॉलेजचे संस्थापक या व्यवस्थेचं काय करायचं याचा अहवाल लिहीत होते. राजकारणात हात धरला तो वसंतदादा पाटलांनी. सांगलीत त्या काळी दादांच्या नजरेत भरणं म्हणजे काय, हे जुन्या माणसांना विचारावं.

आता एक गोष्ट नीट सांगितली पाहिजे, कारण ती सहसा सांगितली जात नाही. कोणी झेडपी सदस्य अकरा वर्षं कसा राहतो? १९६२, १९६७, १९७२ आणि १९७९ अशा निवडणुका झाल्या आणि नंतर त्या थेट १९९२ साली झाल्या. मधे मुदतवाढीवर मुदतवाढ मिळत गेली आणि शेवटी प्रशासक आले. ज्या संस्थेनं नवी माणसं पुढे आणली, तीच संस्था एक तपाहून जास्त काळ निवडणुकीविना राहिली. आबांना त्याचा फायदा झाला, अनुभव मिळाला. पण त्यांच्यामागे उभ्या असलेल्या पुढच्या पिढीतल्या किती बावीस वर्षांच्या पोरांची संधी त्यात गेली असेल, याचा हिशेब कोणी मांडला नाही. ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली आणि दर पाच वर्षांनी निवडणूक घटनेनंच बंधनकारक केली, ती अशाच अनुभवांमुळे.

१९९० मध्ये काँग्रेसनं आबांना तासगावातून उमेदवारी दिली आणि बत्तिशीत ते विधानसभेत पोहोचले. १९९५ ला पुन्हा निवडून आले, पण तेव्हा युतीचं सरकार होतं आणि काँग्रेस विरोधी बाकांवर. या काळात सभागृहात बोलणारा आमदार म्हणून त्यांचं नाव झालं. भाषण साधं, गावाकडचं, आणि हातात माहिती. १९९९ मध्ये शरद पवारांनी राष्ट्रवादी काँग्रेस काढली तेव्हा आबा त्यांच्याबरोबर गेले, आणि निवडणुकीनंतर आघाडीच्या सरकारात ग्रामविकास खातं त्यांच्याकडे आलं. मुख्यमंत्री विलासराव देशमुख हेही बाभळगावचे सरपंच राहिलेले. मुख्यमंत्री माजी सरपंच आणि ग्रामविकासमंत्री माजी झेडपी सदस्य असा तो योग होता.

या खात्यात आबांनी जे केलं, ते माझ्या मते त्यांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २००० साली सुरू झालं. त्याआधी स्वच्छतेच्या योजना म्हणजे अनुदान द्यायचं, संडास बांधायचे आणि फोटो काढायचे. वर्षभरानं बघावं तर संडासात गोवऱ्या आणि सरपण. आबांनी गणित उलटं केलं. आधी पैसा नाही, आधी काम. गावानं श्रमदान आणि लोकवर्गणीतून गाव स्वच्छ करायचं, मग तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा पायऱ्यांवर स्पर्धा, आणि बक्षीस गावाच्या विकासासाठी. गावाची दुखती रग आणि गावाचा अभिमान एकाच जागी असतो, हे झेडपीत अकरा वर्षं काढलेल्या माणसाला माहीत होतं. शेजारचं गाव पहिलं आलं आणि आपण मागं राहिलो, ही गोष्ट कुठल्याही परिपत्रकापेक्षा जास्त काम करते.

तपासणी समिती येणार त्या दिवशीचं गाव ज्यांनी पाहिलंय, त्यांना ते विसरता येत नाही. उकिरडे गावाबाहेर गेलेले. सांडपाण्याला शोषखड्डे, नाहीतर परसबागेत वळवलेली नाली. भिंतींवर गाडगेबाबांची वचनं, शाळेतल्या पोरांनी स्वतः रंगवलेली. दारादारात रांगोळी. समितीचे लोक पाण्याच्या टाकीचं झाकण उघडून बघायचे, अंगणवाडीत जाऊन पोरांची नखं बघायचे, एखाद्या घरात शिरून पिण्याच्या पाण्याच्या हंड्यावर ओगराळं आहे का ते बघायचे. आणि म्हाताऱ्या बायका पदर सावरून उत्तरं द्यायच्या, कारण प्रश्न आता गावाच्या इज्जतीचा होता. भल्या पहाटे उघड्यावर बसणाऱ्यांना हटकणारी 'गुड मॉर्निंग पथकं' याच काळातली. त्यांच्या पद्धतीवर टीका झाली आणि काही ठिकाणी ती रास्तही होती. कोणाला चारचौघांत लाजवणं हा स्वच्छतेचा मार्ग नव्हे. पण बायकांनी आपल्या घरात संडास मागायला सुरुवात केली, ती या हवेमुळे. काही वर्षांतच केंद्र सरकारनं निर्मल ग्राम पुरस्कार सुरू केला.

डिसेंबर २००३ मध्ये आबा गृहमंत्री झाले आणि २००४ च्या निवडणुकीनंतर उपमुख्यमंत्रीही. इथं मात्र तोच स्वभाव कधी उपयोगी पडला, कधी अपुरा. पोलीस भरतीत वशिला आणि पैसा चालणार नाही, हा त्यांचा आग्रह गरीब घरातल्या पोरांना भावला. २००५ मध्ये डान्सबार बंदीचा कायदा आला. जमिनीचा पैसा बारमध्ये उधळला जातो, घरं उद्ध्वस्त होतात, ही तक्रार त्यांच्यापर्यंत गावाकडूनच आली होती आणि ती खरी होती. पण बारमध्ये नाचून पोट भरणाऱ्या हजारो बायकांचं काय होणार, या प्रश्नाचं उत्तर सरकारकडे नव्हतं. एप्रिल २००६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली आणि जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. आबांनी हा प्रश्न गावाच्या उंबऱ्यावर उभं राहून पाहिला. तिथून अर्धाच दिसत होता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

गृहखात्यातही त्यांनी गावाकडे परत जायची वाट शोधलीच. १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. ग्रामसभेनं समिती नेमायची, बांधाचे, वाटणीचे, पाण्याचे तंटे गावातच बसून मिटवायचे आणि मिटवले तर पुरस्कार. प्रतिसरकारच्या न्यायनिवाड्यांची आठवण ज्या मुलखात होती, तिथल्या माणसाला हे सुचावं यात नवल नाही.

२६ नोव्हेंबर २००८ चा हल्ला झाला आणि आबांच्या तोंडून एक वाक्य गेलं: मोठ्या शहरांत अशा छोट्या घटना होतात, अशा अर्थाचं, तेही सवय नसलेल्या हिंदीत. मुंबईत माणसं मेली होती, त्या दुःखात ते वाक्य जखमेवर मीठ ठरलं. १ डिसेंबरला त्यांनी राजीनामा दिला. वर्षभरानं, २००९ च्या निवडणुकीनंतर, ते पुन्हा गृहमंत्री झाले आणि गडचिरोलीचं पालकमंत्रिपदही त्यांनी घेतलं. नक्षलवादाच्या त्या जिल्ह्याची जबाबदारी पुढे होऊन घेणारे मंत्री थोडेच.

मतदारसंघ पुनर्रचनेत तासगावला कवठे महांकाळ जोडलं गेलं. २०१४ मध्ये, सत्ता जात असताना, आबा सहाव्यांदा निवडून आले. तोवर तोंडाच्या कर्करोगानं गाठलं होतं. १६ फेब्रुवारी २०१५ ला मुंबईत ते गेले. वय ५७. अंत्यसंस्कार अंजनीत झाले.

पोटनिवडणुकीत त्यांच्या पत्नी सुमनताई निवडून आल्या, २०१९ मध्येही आल्या. मुलगा रोहित २०२४ मध्ये पंचविशीत आमदार झाला. त्याची पहिली लढाई मात्र विधानसभेची नव्हती. जानेवारी २०२२ मध्ये कवठे महांकाळ नगरपंचायत त्यानं पक्षाला जिंकून दिली, तेव्हा सगळ्यांचं लक्ष त्याच्याकडे गेलं. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सांगली जिल्हा परिषदेची मुदत संपली. निवडणुका लांबल्या, प्रशासक आले, आणि आबा जिथून निघाले होते त्या सावळज गटाला वर्षानुवर्षं सदस्यच उरला नाही.