एम-पेसा

केनियातील सफारीकॉम या दूरसंचार कंपनीची मोबाइलवरून पैसे पाठवण्याची, साठवण्याची आणि देणी भागवण्याची सेवा. ६ मार्च २००७ रोजी ती देशभर खुली झाली. नावातील ‘एम’ मोबाइलचा, तर ‘पेसा’ हा पैशासाठीचा स्वाहिली शब्द. बँकेत खाते नसलेल्या माणसालाही अगदी साध्या फोनवरून व्यवहार करता यावा, अशी तिची रचना आहे. मोबाइल पैशाच्या अभ्यासात हे उदाहरण सर्वाधिक चर्चिले गेले आहे.

सफारीकॉमचे मूळ केनियाच्या सरकारी टपाल व दूरसंचार महामंडळाच्या एका विभागात आहे. कंपनी म्हणून तिची नोंदणी ३ एप्रिल १९९७ रोजी झाली. २००० मध्ये व्होडाफोनने ४० टक्के हिस्सा घेऊन व्यवस्थापन हाती घेतले. या हिश्शातील काही भाग मोबिटेलिया नावाच्या कंपनीकडे होता आणि तिचे खरे मालक कोण, हा प्रश्न २००७ मध्ये केनियाच्या संसदीय समितीपुढे गाजला. २००८ मध्ये सरकारने कंपनीचे २५ टक्के भाग (शेअर) प्रत्येकी ५ शिलिंग (केनियाचे चलन) दराने जनतेला विकले. मुख्य कार्यकारी अधिकारी मायकेल जोसेफ (२०००–१०) यांच्या कारकिर्दीत सेकंदागणिक आकारणी आणि लहान रकमेची रिचार्ज कार्डे यांमुळे कमी उत्पन्नाचा ग्राहक कंपनीकडे वळला. ही कार्डे विकणारे दुकानदारच पुढे एम-पेसाचे पहिले एजंट, म्हणजे ग्राहकांची रोकड भरून घेणारे व काढून देणारे, झाले. सेवेच्या यशात या जाळ्याचा वाटा तंत्रज्ञानापेक्षा मोठा मानावा लागतो.

उगमाविषयी मतभेद आहेत. व्होडाफोनमधील निक ह्यूज आणि सूझी लोनी यांना सामान्यतः जनक मानले जाते. ब्रिटिश सरकारच्या आंतरराष्ट्रीय विकास खात्याने एका स्पर्धात्मक निधीतून सुमारे दहा लाख पौंडांचे साहाय्य दिले; तेवढाच भार व्होडाफोनने उचलायचा होता. संगणकप्रणाली केंब्रिजच्या सेजेन्शिया या संस्थेने तयार केली. ऑक्टोबर २००५ मध्ये नैरोबी व थिका येथे फाउलू केनिया या सूक्ष्मवित्त संस्थेच्या कर्जदारांबरोबर प्रयोग सुरू झाला. दुकाने आठ आणि ग्राहक पाचशेच्या आसपास, एवढाच त्याचा आवाका होता. कर्जाचे हप्ते फोनवरून फेडणे हा मूळ उद्देश होता. मात्र ग्राहकांनी सेवेला वेगळेच वळण दिले. ते एकमेकांना पैसे पाठवू लागले, आप्तांसाठी टॉकटाइम विकत घेऊ लागले, आणि प्रवासाला निघताना एका गावी रक्कम भरून दुसऱ्या गावी काढू लागले. फाउलूच्या हिशेबपद्धतीशी नव्या प्रणालीचा मेळ घालणेही कठीण गेले. अखेर कर्जफेडीची कल्पना मागे पडली आणि ‘घरी पैसे पाठवा’ एवढ्याच आवाहनावर सेवा बाजारात आली.

दुसऱ्या मताप्रमाणे बीज याहून जुने आहे. युगांडा, बोट्सवाना व घाना येथे लोक टॉकटाइमच पैशासारखा वापरत असल्याचे २००२ च्या सुमारास गॅमोस ही संशोधनसंस्था व राष्ट्रकुल दूरसंचार संघटना यांच्या संशोधकांनी नोंदवले होते. शहरातला नातलग रिचार्ज पाठवी आणि गावातला माणूस ते विकून रोकड मिळवी. मोझांबिकमधील एमसेल कंपनीने २००४ मध्ये अशा हस्तांतराला अधिकृत रूप दिले. फिलिपीन्समधील स्मार्ट मनी व जीकॅश या सेवाही एम-पेसापूर्वीच्या आहेत. त्यामुळे ‘जगातील पहिली’ हे विशेषण जपून वापरावे. केनियातील एका विद्यार्थ्याने ही प्रणाली घडवली व ती त्याच्याकडून घेतली गेली, अशी समजूत त्या देशात रूढ आहे. कंपनीला ती मान्य नाही आणि प्रकल्पाच्या प्रसिद्ध नोंदींशीही ती जुळत नाही. टॉकटाइमची लोकरीत, ब्रिटिश निधी आणि प्रयोगातील ग्राहकांचे वर्तन या तिन्हींना उगमाचे श्रेय देणारे मत अधिक ग्राह्य वाटते.

कार्यपद्धतीचा गाभा हिशेबात आहे. व्यवहाराची यादी सिमकार्डातच बसवलेली असून ग्राहक गुप्त क्रमांक टाकून संकेतबद्ध संदेशाने सूचना पाठवतो. पाठवणारा व घेणारा या दोघांनाही पोचसंदेश येतो. प्रत्येक इलेक्ट्रॉनिक शिलिंगामागे एक खरा शिलिंग बँकेतील विश्वस्त खात्यात असतो. हे खाते सफारीकॉमच्या मालमत्तेपासून वेगळे, स्वतंत्र विश्वस्त कंपनीच्या ताब्यात असते. एजंट प्रथम स्वतःचे भांडवल बँकेत भरून इलेक्ट्रॉनिक शिल्लक घेतो. तिला धंद्यात ‘फ्लोट’ म्हणतात. ग्राहकाने रोकड दिली की एजंटची रोकड वाढते व फ्लोट तितकाच घटतो. पैसे काढताना याच्या उलट घडते. दोन्ही वेळा यंत्रणेतील एकूण इलेक्ट्रॉनिक रक्कम बदलत नाही. शहरात भरणा जास्त आणि खेड्यात उचल जास्त, त्यामुळे खेड्यातल्या एजंटची रोकड वारंवार संपते आणि त्याला बँकेच्या फेऱ्या माराव्या लागतात. सेवेचा हा सर्वांत कष्टाचा भाग त्याच्याच वाट्याला येतो.

कायद्याचा प्रश्न याच रचनेमुळे सुटला. ठेवी घेऊन त्या कर्जाऊ देणे म्हणजे बँकिंग. सफारीकॉम ठेवींतून कर्ज देत नसल्याने केनियाच्या मध्यवर्ती बँकेने २००७ च्या आरंभी हरकत नसल्याचे पत्र दिले. २००८ च्या अखेरीस तत्कालीन हंगामी अर्थमंत्री जॉन मिचुकी यांनी तपासणीचा आदेश दिला. त्यामागे बँकांचा दबाव असल्याचे सर्वसाधारणपणे मानले जाते. तपासणीत सेवा सुरक्षित ठरली. राष्ट्रीय देयक प्रणालीचा कायदा २०११ मध्ये आला, म्हणजे सेवा आधी रुजली आणि कायदा मागून आला.

पुढे दुकानातील देयके, कमर्शियल बँक ऑफ आफ्रिकासह एम-श्वारी (२०१२) ही बचत-कर्ज योजना आणि फुलिझा (२०१९) ही ओव्हरड्राफ्टची (शिलकीपेक्षा जास्त रक्कम वापरण्याची) सोय यांची भर पडली. इतर कंपन्यांनाही सेवा देण्यास एजंटांना मोकळीक द्यावी, असा आदेश स्पर्धा प्राधिकरणाने २०१४ मध्ये दिला. एम-पेसाचे हक्क तोवर व्होडाफोनकडे होते; २०२० मध्ये सफारीकॉम व व्होडाफोन समूहातील दक्षिण आफ्रिकी कंपनी व्होडाकॉम यांनी ते घेतले.

सामाजिक परिणामांबाबत अर्थतज्ज्ञ तवनीत सुरी व विल्यम जॅक यांचा २०१६ मधील निष्कर्ष वारंवार उद्धृत होतो : सुमारे १,९४,००० कुटुंबे, म्हणजे केनियातील २ टक्के, अतिदारिद्र्यातून वर आली, आणि स्त्रीप्रमुख कुटुंबांना लाभ अधिक झाला. मिलफर्ड बेटमन आदी अभ्यासकांनी २०१९ मध्ये या पद्धतीवर आक्षेप घेतला. अपयशी ठरलेले छोटे व्यवसाय व वाढते कर्ज हिशेबात धरले नाही, असे त्यांचे म्हणणे. संकटकाळी आप्तांकडून मदत लवकर पोचते हा भाग बराच भक्कम दिसतो. दारिद्र्यनिवारणाचा व्यापक दावा मात्र जपून स्वीकारावा. कर्जसुविधांमुळे आक्षेपाचे वजन वाढलेच आहे.

इतर देशांत अनुभव संमिश्र आहे. टांझानियात (२००८) सेवा रुजली. दक्षिण आफ्रिकेत ती २०१६ मध्ये बंद झाली. इथिओपियात ती २०२३ मध्ये सुरू झाली. भारतात व्होडाफोनने २०१३ मध्ये आयसीआयसीआय बँकेच्या सहकार्याने ती आणली व २०१९ मध्ये गुंडाळली. एकाच कंपनीचे वर्चस्व आणि सैल नियमन या केनियातील दोन्ही अटी भारतात नव्हत्या, हे त्यामागचे प्रमुख कारण असावे.