मायक्रोबिटवर प्रोग्राम चढवणारी एक ओळ

जावळी खोऱ्यातल्या एका शाळेत मी दर शनिवारी मुलांना मायक्रोबिट, म्हणजे प्रोग्राम चढवून चालवायचा छोटासा संगणक-बोर्ड, शिकवायला जातो. पावसाळ्यात रेंज गेली की दिवसभर येत नाही. तरी तास बुडत नाही. संगणकाला टाइप करून आज्ञा देण्याच्या काळ्या खिडकीत ‘यूफ्लॅश’ असं प्रोग्राम चढवणाऱ्या साधनाचं नाव लिहायचं, पुढे फाईलचं नाव द्यायचं, एंटर दाबायचं. थोड्याच वेळात बोर्डवरचे दिवे उजळतात. ही ओळ इंटरनेटशिवाय कशी चालते, याची गोष्ट बरीच जुनी आहे.

ब्रिटनमध्ये बीबीसीने संगणक साक्षरतेची मोहीम काढली आणि १९८१ साली एकॉर्न कंपनीने तिच्यासाठी ‘बीबीसी मायक्रो’ बनवला. बटण दाबलं की समोर थेट बेसिक ही प्रोग्राम लिहायची भाषा, लगेच लिहायला सुरुवात. आपल्या केंद्र सरकारचा शाळांत संगणक शिकवण्याचा ‘क्लास’ प्रकल्प १९८४-८५ मध्ये सुरू झाला, तेव्हा भारतातल्या शाळांतही हेच यंत्र आलं. त्याच सुमारास एकॉर्नमध्ये सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर नवा प्रोसेसर रचत होते. १९८५ मध्ये चालू झालेली ती पहिली आर्म चिप. तिचाच वंशज आज मायक्रोबिटच्या पाटीवर बसलाय, हे मुलांना सांगताना मला दरवेळी आनंद होतो.

बीबीसीने मायक्रोबिट जाहीर केला २०१५ मध्ये. २०१६ पासून ब्रिटनमधल्या ११-१२ वर्षांच्या जवळपास १० लाख मुलांना तो फुकट मिळाला. पहिल्या आवृत्तीत १६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ केबी फ्लॅश (कायमची साठवण) आणि अवघी १६ केबी रॅम (चालू कामाची मेमरी) होती. मुलांनी ब्राउझरमध्ये प्रोग्राम लिहायचा, तो दूरच्या सर्व्हरवर कंपाइल होणार, म्हणजे यंत्राच्या भाषेत उतरणार, आणि तयार फाईल परत येणार, अशी तेव्हाची मुख्य वाट होती. नेट चांगलं असेल तिथे ती सोयीची. आमच्याकडे तिथेच गाडं अडलं असतं.

दुसरी वाट पायथन या प्रोग्राम लिहायच्या भाषेवाल्यांनी काढली. डेमियन जॉर्ज या ऑस्ट्रेलियन भौतिकशास्त्रज्ञाने २०१३ मध्ये लोकवर्गणीतून मायक्रोपायथन उभं केलं होतं. पायथनसारखी ऐसपैस भाषा त्याने इवल्याशा चिपवर बसवली, आणि पुढे ती या १६ केबीतही मावली. पायथन सॉफ्टवेअर फाउंडेशनच्या बाजूने निकोलस टोलर्वे यांनी हे काम लावून धरलं. यूफ्लॅशही त्यांचंच.

कल्पना साधी आणि माझ्या मते फार सुंदर आहे. भाषेचा अर्थ लावणारं मायक्रोपायथन बोर्डवरच बसलेलं असतं आणि ते सगळ्यांसाठी सारखंच असतं. बदलतो तो फक्त मुलाने लिहिलेला मजकूर. मग कंपाइल काय करायचं? यूफ्लॅश स्वतःजवळ मायक्रोपायथनची तयार हेक्स फाईल (चिपमध्ये उतरवायचा माल आकड्यांत लिहिलेली फाईल) ठेवतं, त्यात तुमचा मजकूर खोचतं आणि सगळं मिळून बोर्डवर टाकतं. सर्व्हरची गरजच उरत नाही.

हेक्स फाईलची ही पद्धत इंटेलने १९७० च्या दशकात ठरवली. प्रत्येक ओळीची सुरुवात कोलनने, मग बाइटची संख्या, पत्ता, प्रकार, माल आणि शेवटी ताळ्याचा आकडा. एकदा आम्ही पहिल्या आवृत्तीच्या बोर्डसाठी बनलेली फाईल नोटपॅडमध्ये उघडली आणि ‘४डी ५०’ शोधत खाली गेलो. ‘एम’ आणि ‘पी’ या अक्षरांचे ते आकडे, म्हणजे मायक्रोपायथनची खूण. पुढच्या दोन बाइटमध्ये मजकुराची लांबी, आणि त्यानंतर मुलीने लिहिलेलं तिचं स्वतःचं नाव, एकेक अक्षर आकड्यांत. फळ्यावर तक्ता काढून तिने ते वाचून दाखवलं.

हा मजकूर २५६ केबीतल्या अगदी शेवटच्या ८ केबीत राहतो. ८,१९२ बाइटमधून खुणेचे आणि लांबीचे ४ वजा केले की मुलाच्या हाती ८,१८८ उरतात. इंग्रजीत लिहिणाऱ्याला ते पुष्कळ झाले. आमच्या एका विद्यार्थ्याने मात्र प्रत्येक ओळीशेजारी मराठीत टिपण लिहिलं होतं, आणि प्रोग्राम बसेना. यूटीएफ-८ या अक्षरं आकड्यांत साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रेलासुद्धा, ३ बाइट लागतात. त्याला टिपणं पुसायला सांगताना मला वाईट वाटलं, कारण तीच सगळ्यात छान होती. शेवटी मूळ फाईल तशीच ठेवली आणि बोर्डवर टिपणं गाळलेली प्रत चढवली. अशी प्रत काढून देण्याची सोय यूफ्लॅशमध्येही पुढे आली.

केबल जोडली की बोर्ड संगणकाला पेनड्राइव्हसारखा दिसतो. हे काम डॅपलिंक नावाचं बोर्डवरचं सॉफ्टवेअर करतं, आणि त्यासाठी पाटीवर वेगळी चिप आहे. यूफ्लॅश ‘मायक्रोबिट’ नावाचा ड्राइव्ह शोधून तिथे हेक्स फाईल कॉपी करतं. मागचा पिवळा दिवा लुकलुकतो, ड्राइव्ह क्षणभर नाहीसा होऊन परत येतो. त्यात आपली फाईल नसते. “सर, फाईल गायब झाली की!” नवी तुकडी आली की हे ऐकायला मिळतंच. तो खरा पेनड्राइव्ह नाही, आलेला माल चिपमध्ये उतरवून घेणारं ते दार आहे, हे तेव्हा समजावून सांगतो. चढवताना काही बिनसलं तर तिथे ‘फेल’ नावाची मजकूर फाईल येते. ती आधी वाचायची.

२०२० मध्ये दुसरी आवृत्ती आली: ५१२ केबी फ्लॅश, १२८ केबी रॅम, स्पीकर आणि मायक्रोफोन. तिच्यात चिपच वेगळी, त्यामुळे पहिल्या आवृत्तीची जुनी हेक्स फाईल चालत नाही. आमच्या डब्यात दोन्ही तऱ्हेचे बोर्ड आहेत. म्हणून केबल लावण्याआधी मुलं समोरचा लोगो बघतात: सोनेरी असला तर तो बोर्ड दुसऱ्या आवृत्तीचा, म्हणून नव्या लॅपटॉपकडे, नाहीतर पहिल्या आवृत्तीचा, म्हणून जुन्याकडे.