ओला-सुका : पुण्यातल्या दोन बादल्यांमागचा इतिहास

ओला कचरा वेगळा, सुका वेगळा ही सवय सरकारी नियमामुळे लागली असं बहुतेकांना वाटतं. पुण्यात मात्र ही मागणी नियम निघायच्या जवळजवळ दहा वर्षं आधी झाली होती, आणि ती केली होती कचरा वेचणाऱ्या बायकांनी.

1972 च्या दुष्काळानंतर गाव सोडून पुण्यात आलेल्या कुटुंबांतल्या अनेक बायका या कामात आल्या. त्यातल्या बहुतेक दलित समाजातल्या. पहाटे पोतं घेऊन निघायचं, कुंडीत वाकून कागद, काच, पत्रा, प्लास्टिक निवडायचं आणि भंगारच्या दुकानात वजनावर विकायचं. कुंडीत खरकटं, फुटक्या बाटल्या, कधी मेलेली घूस, सगळं एकत्र कालवलेलं. आमटीत भिजलेल्या कागदाला भाव मिळत नाही, म्हणजे हात घाण करूनही पदरात काही नाही. वर चोरीचा संशय कायमचा.

1990 च्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या बायकांमध्ये काम करू लागल्या. निमित्त साक्षरतेच्या वर्गाचं होतं, पण बोलणं रोजच्या कामावर आलं. लोकांनी सुका माल घरातच बाजूला ठेवला तर? काही जणी विद्यापीठाचं ओळखपत्र दाखवून दारोदार जाऊ लागल्या. घाणीत हात न घालता कोरडा माल मिळायला लागला, वेळही वाचला. माझ्या लेखी आपल्या दोन बादल्यांची सुरुवात तिथे आहे.

पण थोड्याच दिवसांत एका व्यावसायिकाने त्याच भागात घरोघरचा कचरा गाडीतून उचलायला सुरुवात केली. बायकांच्या पोटावर पाय आला आणि त्या रस्त्यावर उतरल्या. त्यातूनच मे 1993 मध्ये हमाल पंचायतीच्या डॉ. बाबा आढावांच्या पुढाकाराने मेळावा भरला आणि ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली. पोत्यातला मालच संघटनेच्या नावात आला, ते मला फार आवडतं. त्यांची पहिली मोठी लढाई पैशांची नव्हती, ‘आम्ही कामगार आहोत’ हे मान्य करून घेण्याची होती. 1990 च्या दशकाच्या मध्यावर महापालिकेने त्यांच्या ओळखपत्रांना मान्यता दिली.

देशात कचऱ्याची चर्चा पेटली ती 1994 च्या सुरतेतल्या प्लेगच्या साथीनंतर. पर्यावरण कार्यकर्त्या अल्मित्रा पटेल यांनी 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली आणि 2000 मध्ये घनकचऱ्याचे नियम आले. पुण्याच्या कचऱ्याचा भार तेव्हा शहराजवळची उरुळी देवाची आणि फुरसुंगी ही गावं सोसत होती. पुढे तिथल्या लोकांनी गाड्या अडवल्या, तेव्हा कुठे शहराला आपला कचरा दिसला.

2007 मध्ये पंचायतीतूनच ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली आणि 2008 मध्ये तिचा महापालिकेशी करार झाला. त्याच बायका आता घरोघर येऊ लागल्या, दरमहा शुल्क घेऊन. करार संपणं, मुदतवाढ, पुन्हा वाट पाहणं हे मात्र त्यांच्या मागे लागलेलंच आहे.

आमच्या इमारतीत सकाळी मावशी जिन्याखाली बसून सुका कचरा पुन्हा निवडतात. पुठ्ठा एकीकडे, बाटल्या एकीकडे. विसळून वाळवलेली दुधाची पिशवी त्या झटकून सरळ पोत्यात टाकतात. न विसळलेली उन्हाळ्यात तासाभरात आंबते आणि शेजारच्या कागदालाही वास लागतो. पिशवीचा कोपरा कापून फेकला तर तो चिमुकला तुकडा कोणाच्याच हाती लागत नाही. म्हणून आम्ही आता अर्धवट काप देतो, कोपरा पिशवीलाच राहू देतो.

सगळ्यात अवघड ठरले ते सॅनिटरी पॅड. उघडे टाकलेले पॅड याच बायकांना हाताने वेगळे करावे लागत. 2013 मध्ये त्यांनी वापरलेले पॅड भरून थेट उत्पादक कंपन्यांकडे पाठवले. पॅड कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, असं त्या घरोघर सांगत राहिल्या. 2016 च्या घनकचरा नियमांत गुंडाळण्यासाठी वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर आली आणि पॅड गुंडाळून देणं घरांवरही बंधनकारक झालं. आमच्या इमारतीतल्या काही घरांतून ते अजूनही उघडेच येतात.