आठ नंबरची भिशी

सांगलीत विश्रामबागेत माझ्या मावशीची चोवीस जणींची भिशी चालते. स्टीलच्या डब्यात चिठ्ठ्या टाकायच्या, डबा खडखडवायचा आणि कुणाच्या तरी नातवानं एक उचलायची. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना मला शहाणपण सुचलं, की हे काम सी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेतल्या दहा ओळींत होतं. पहिल्या महिन्यात माझ्या लॅपटॉपनं ८ नंबर काढला. टाळ्या झाल्या. दुसऱ्या महिन्यात प्रोग्रॅम पुन्हा चालवला, तर परत ८.

"काय रं, सगळ्या चिठ्ठ्यांवर आठच लिवून ठेवलंयस व्हय?" मावशी म्हणाली.

तिचं फारसं चुकलं नव्हतं. सी मधलं 'रँड' हे फंक्शन चिठ्ठी उचलत नाही, ते हिशोब करतं. आधीच्या स्थितीवर ठरलेली आकडेमोड केली, की पुढची संख्या. सुरुवात कुठून करायची ते आपण सांगितलं नाही, तर ते १ या बीजापासून, म्हणजे सुरुवातीच्या संख्येपासून सुरू होतं, प्रत्येक वेळी. माझ्या लॅपटॉपवरच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर या बीजातून निघणारी पहिली संख्या कायम १,८०,४२,८९,३८३. तिला २४ नं भागून बाकी ७, त्यात १ मिळवला की ८. पुढचे आकडेही ठरलेलेच होते: २३, मग १०.

आकडेमोडीतून यादृच्छिक, म्हणजे चिठ्ठीसारख्या अंदाज न येणाऱ्या संख्या काढायची हौस जुनी आहे. १९४०च्या दशकात गणितज्ञ जॉन फॉन नॉयमन चार आकडी संख्येचा वर्ग करून मधले चार आकडे उचलायचा, पुन्हा वर्ग, पुन्हा मधले चार. ही रीत कधीकधी चक्रात अडकते: २१०० वरून ४१००, मग ८१००, ६१०० आणि परत २१००. आपल्या देवळालीच्या कापरेकर मास्तरांचं ६१७४ आठवा. चारही आकडे सारखे नसलेली कुठलीही चार आकडी संख्या घ्या, त्यांच्या वजाबाकीच्या रीतीनं (आकडे उतरत्या क्रमानं मांडून त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, पुन्हा पुन्हा) जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथंच येते. तिथं ही गंमत आहे, इथं तोच रोग.

बीज बदलायला 'एसरँड' असतं, आणि त्याला घड्याळाची वेळ द्यायची असं सगळेच शिकवतात. मीही दिली. पण ही वेळ सेकंदांत मोजलेली. दिवसाचे सेकंद ८६,४००. भिशी दुपारी चार वाजून पाच मिनिटांनी निघाली एवढं ठाऊक असलं, की शक्यता उरतात ६०. त्यातली सोयीची निवडून त्याच सेकंदाला बटण दाबणारा भाचा मिळाला की झालं. २००६ ते २००८ दरम्यान डेबियन या लिनक्सच्या एका प्रकारात एका बदलामुळे बीजाला फक्त प्रोसेसच्या, म्हणजे चालू प्रोग्रॅमच्या क्रमांकाचा आधार उरला होता. गुप्त किल्ल्या त्यावर बनत होत्या, आणि एका प्रकारच्या संगणकावर एका लांबीच्या किल्लीचे पर्याय उरले जेमतेम ३२,७६८.

बीज चांगलं असलं तरी आकडेमोडच वाईट असू शकते. तासगावच्या रस्त्यानं एसटीतून द्राक्षबागा बघितल्यात का? खिडकीतून नुसती खांबांची गर्दी दिसते, आणि एका क्षणी सगळ्या ओळी सरळ उघडतात. आयबीएमच्या 'रँडयू' या १९६०च्या दशकातल्या पद्धतीचं हेच झालं. तिच्या लागोपाठच्या तीन-तीन संख्यांचे बिंदू घनात मांडले, तर ते फक्त १५ प्रतलांवर, म्हणजे सपाट पातळ्यांवर बसतात. असा दोष असू शकतो हे गणितज्ञ जॉर्ज मार्साग्लियांनी १९६८ साली दाखवलं, तोवर तिच्या आकड्यांवर शास्त्रज्ञांचे हिशोब चालूच होते.

आणखी एक खोट माझ्या त्या भागाकारात होती. सी च्या नियमानुसार 'रँड'ची कमाल मर्यादा निदान ३२,७६७ असावी लागते. समजा ती तेवढीच आहे, म्हणजे शून्य धरून ३२,७६८ चिठ्ठ्या. २४ जणींत प्रत्येकी १,३६५ वाटल्या तरी ८ उरतात, त्या पहिल्या आठ जणींना जातात. भिशीत हा फरक कुणाला कळणार नाही. पण २०,००० जणांची सोडत असेल, तर पहिल्या १२,७६८ जणांना इतरांच्या दुप्पट संधी! उपाय डब्यातलाच: उरलेल्यांपैकी चिठ्ठी आली तर ती मोजायची नाही, पुन्हा उचलायची.

आज मी असल्या कामाला 'रँड' वापरत नाही. लिनक्सच्या कर्नलमध्ये, म्हणजे त्याच्या गाभ्यात २०१४ पासून 'गेटरँडम' आहे. यंत्रातल्या हालचालींच्या वेळांमधला बारीक विस्कळीतपणा कर्नल गोळा करतं आणि त्यातून बीज घडवतं. बीएसडी आणि मॅक या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर 'एआरसी४रँडम_युनिफॉर्म' आहे. त्याला २४ सांगितलं की ते उरलेल्या चिठ्ठ्याही स्वतःच टाकून देतं. खेळ किंवा सिम्युलेशनसाठी मर्सेन ट्विस्टर हा आकडेमोडीचा प्रकार चालतो. मात्र त्याच्या लागोपाठ ६२४ संख्या कुणी पाहिल्या, तर पुढच्या सगळ्या तो सांगू शकतो, म्हणून पासवर्डसाठी नको.

हे सगळं मावशीला सांगितलं. तिचा प्रश्न वेगळाच होता: "तुझ्या यंत्रात काय चाललंय ते आमाला कसं दिसायचं?" खरंच दिसत नाही. शेवटी तिनंच तोड काढली. प्रत्येकीनं १ ते २४ मधला आकडा कागदावर लिहून मुठीत धरायचा, सगळ्या मुठी एकदम उघडायच्या, बेरजेला २४ नं भागायचं, बाकी शून्य आली तर चोविसावी. जिला आधी भिशी लागलीय तिचा नंबर आला, तर पुन्हा मुठी. तेवीस जणींनी संगनमत केलं आणि चोविसाव्या बाईनं एकटीनं मनात काही न धरता डब्यातून आकडा उचलून आणला, तरी भागाकाराची बाकी कुणाच्या हातात राहत नाही. लॅपटॉप आता फक्त बेरजेला लागतो.